भिंतीवरचे वर्ष: शहापुरातील एका गल्लीच्या फुटबॉल क्लबचे प्रकरण

बेळगावच्या शहापूर भागात, एका गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या देवळाला लागून जुनी व्यायामशाळा आहे. तिच्या रस्त्याकडील भिंतीवर गल्लीच्या फुटबॉल क्लबचे नाव निळ्या रंगात लिहिलेले असून त्याखाली ‘स्थापना १९४७’ असे शब्द आहेत. क्लबच्या पदाधिकाऱ्यांच्या विनंतीवरून क्लबचे व गल्लीचे नाव येथे देत नाही, आणि विषय समजायला त्याची गरजही नाही. क्लब लहान आहे. स्वतःचे मैदान नाही, नोंदलेले खेळाडू विशीच्या आसपास, आणि व्यायामशाळेमागची दहा बाय बारा फुटांची खोली एवढीच काय ती मालमत्ता.

वर्षाचा प्रश्न निघाला तो भिंत रंगवायची म्हणून. कर्नाटकातील कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यात २०२४ साली दुरुस्ती झाली आणि संस्थांच्या व दुकानांच्या फलकांवरील साठ टक्के भाग कन्नडमध्ये असणे बंधनकारक ठरले. त्यामुळे भिंतीवरचा मजकूर नव्याने लिहिणे आले, आणि नव्याने लिहायचेच तर वर्ष तरी खरे आहे का, अशी शंका एका तरुण पदाधिकाऱ्याने बैठकीत काढली. शंका वरवर साधी होती, पण तिच्यामागे एक हिशेब होता. १९४७ धरले तर अमृतमहोत्सव २०२२ साली होऊन जायला हवा होता, आणि त्या वर्षी कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते. स्थापना १९५० ठरली, तर २०२५ मध्ये स्पर्धा भरवून स्मरणिका काढता येणार होती. दुसरीकडे, गल्लीतील एका कुटुंबाचे म्हणणे असे, की त्यांच्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी कॅम्पातून, म्हणजे लष्करी छावणीतून, पहिला चेंडू आणला, तेव्हा क्लब त्यांच्यापासून धरावा. तिसरा पक्ष कागदावर बोट ठेवणारा होता: नोंदणी प्रमाणपत्र ऐंशीच्या दशकातले आहे, तेव्हा कायद्याने क्लब तेवढ्याच वयाचा. कागदपत्रे पाहून लेखी अभिप्राय द्यावा, असे मला सांगण्यात आले. मी या गल्लीचा नाही. माझे आजोळ शेजारच्या गल्लीत, एवढाच संबंध. कदाचित म्हणूनच माझ्याकडे आले असावे.

तपासायला होती ती एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात एक पावतीपुस्तक, जमाखर्चाच्या दोन वह्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेले एक छायाचित्र, तीन रबरी शिक्के, चेंडूच्या आतले, सुकून पापडासारखे झालेले रबरी ब्लॅडर आणि सायकलच्या पंपाला लावायची सुई एवढ्या वस्तू निघाल्या. यांपैकी एकीवरही क्लबच्या स्थापनेचे वर्ष नाही. मात्र जवळजवळ प्रत्येक वस्तूवर राज्याचे किंवा नाण्यांचे नाव आहे, आणि सीमाभागात ते वर्षाइतकेच बोलके असते. एकाच जागी बसून राहिलेल्या गल्लीचा पत्ता येथे तीन-चार वेळा बदललेला आहे.

सर्वांत जुना कागद पावतीपुस्तकाचा. त्याच्या माथ्यावर व्यायामशाळेचे नाव असून खाली ‘शहापूर, संस्थान सांगली’ असे छापलेले आहे. आज बेळगाव आणि शहापूर यांच्यामध्ये कोणती हद्द होती हे नव्या पिढीला सांगावे लागते. बेळगाव ब्रिटिश मुंबई इलाख्यात होते आणि शहापूर पटवर्धनांच्या सांगली संस्थानात. दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर सांगली ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे हे पुस्तक त्या तारखेपूर्वी छापलेले असले पाहिजे. त्यातील एका स्थळप्रतीवर चार आणे वर्गणी आणि ‘कारण’ या रकान्यात बोरूने लिहिलेले ‘फूटबॉल ब्लॅडर’ हे दोन शब्द आहेत. तारीख आहे ‘माघ वद्य ५’. शक लिहिलेला नाही.

हा कागद सापडल्यावर १९४७ वाला पक्ष खूश झाला. मला मात्र त्यांचा आनंद थोडा कमी करावा लागला. छापलेले पुस्तक संपेपर्यंत वापरण्याची आपली रीत आहे. संस्थान गेले म्हणून कोणी कोऱ्या पावत्या फेकून देत नाही. आणे चलनात होते ते १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत, आणि बाजारात त्यानंतरही काही काळ. त्यामुळे ही पावती १९४८ च्या आधीची असू शकते तशी पुढची आठ-नऊ वर्षेही तिला मोकळी आहेत. शिवाय पावती व्यायामशाळेची आहे, क्लबची नाही. तिच्यावरून एवढेच म्हणता येते, की फुटबॉलसाठी गल्लीचा पैसा गोळा होत होता आणि तो कुस्ती-मल्लखांबाच्या थैलीतून जात होता. तिथी मात्र अर्थपूर्ण आहे. वडगाव-शहापूरच्या शिवारात भाताची कापणी दिवाळीनंतर उरकते आणि माघापर्यंत शेते मोकळी पडतात. ज्यांच्याकडे मैदान नव्हते त्यांचे मैदान तेच. धसकटे पायाने दाबून, चारी बाजूंनी धोतराच्या चिंध्या रोवून खेळायचे, असे गल्लीतले सर्वांत वयस्क काका सांगतात. “पायात काय नव्हतं बघ, टाचंला तेवढी चिंधी,” हे त्यांचे शब्द. पावसाळ्यात त्याच शेतांत रोप लागे आणि खेळ बंद होई.

छायाचित्राने फारसे काही दिले नाही. अकरा खेळाडू, काळ्या टोप्या घातलेले दोन गृहस्थ, पुढे पाटी. पाटीवरचा खडू उडालेला आहे. दहा जण अनवाणी आहेत आणि बूट फक्त गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या पायांत आहेत, म्हणजे ज्याला बुटांची सर्वांत कमी गरज त्याच्या. अनवाणी खेळणे हे त्या काळी गरिबीचे लक्षण मानण्याचे कारण नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध १-२ ने हरलेल्या भारतीय संघातील बहुतेक खेळाडूही अनवाणीच होते. चेंडू वादीने शिवलेला, तोंडाशी गाठ असलेला आहे. पावसात असा चेंडू पाणी पिऊन दगडासारखा होई, आणि डोक्याने मारताना गाठ कपाळाला लागली की तिचा वळ आठवडाभर राही.

खरा पुरावा शिक्क्यांचा आहे. मी तिन्ही शिक्के स्पंजने स्वच्छ करून, नवी शाई लावून कोऱ्या कागदावर उमटवले. पहिल्यात गोलाकार अक्षरांत क्लबचे नाव आणि खाली ‘शहापूर, जि. बेळगाव, मुंबई राज्य’ असे आहे. ‘क्लब’ हा शब्द ट्रंकेत प्रथम आढळतो तो येथे. मुंबईचा ‘प्रांत’ २६ जानेवारी १९५० पासून संविधानानुसार ‘राज्य’ झाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. शिक्का या पावणेसात वर्षांतला धरणे वाजवी आहे. दुसरा शिक्का त्याच नावाचा, पण खालची ओळ ‘जि. बेळगाव’ इथेच तुटते आणि पुढे कोरी जागा राहते. भिंग लावून पाहिल्यावर रबरावर पात्याच्या खुणा दिसल्या, आणि तिरप्या उजेडात ‘म्है’ची मात्रा व ‘ज्य’चा शेपटा शिल्लक असल्याचेही दिसले. कोणीतरी ब्लेडने ‘म्हैसूर राज्य’ ही अक्षरे काढून टाकली होती.

ती का काढली यावर बैठकीत दोन मते पडली. एकांच्या मते तो बेळगाव म्हैसूर राज्यात घातल्याचा निषेध होता, आणि या भागात तसे घडणे मुळीच अशक्य नाही. दुसऱ्यांचे म्हणणे, १ नोव्हेंबर १९७३ रोजी राज्याचे नाव कर्नाटक झाले तेव्हा नवा शिक्का करण्याऐवजी जुना शब्द खरवडून पैसे वाचवले. वहीने दुसऱ्या मताच्या बाजूने कौल दिला. ‘नवे पैसे’ हा शब्द असलेल्या, म्हणजे १९५७ ते १९६४ या काळातल्या नोंदींखाली हाच शिक्का ‘म्हैसूर राज्य’ या शब्दांसह पूर्ण उमटलेला आहे. पात्याचे काम त्यानंतरचे, आणि बहुधा काटकसरीचे. निषेधाची कथा अधिक चांगली होती हे मान्य करूनच मी ती अभिप्रायातून वगळली. तिसरा शिक्का नोंदणीनंतरचा. त्यावर नोंदणी क्रमांक, पिनकोड आणि ‘कर्नाटक’ आहे, आणि क्लबचे नावच वेगळे आहे.

नाव बदलले त्याला कारण घडले. १९६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात जणांनी मिळून अर्ज करायचा असतो. अर्ज केल्यावर, त्या नावाची संस्था आधीच नोंदलेली आहे, असे कार्यालयातून सांगण्यात आले आणि नावापुढे एक शब्द जोडून अर्ज पुन्हा करावा लागला. तेव्हापासून क्लबला दोन नावे आहेत. कागदावर एक, मैदानावर दुसरे. स्पर्धेच्या गुणफलकावर नोंदणीचे नाव लागते आणि बाहेर बसलेली माणसे जुन्या नावाने ओरडतात. ‘नोंदणीचे वर्ष तेच स्थापनेचे’ म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारले, की मग त्या नावाने आजवर कोणी एकदा तरी हाक मारली आहे का?

आता भिंतीवरच्या १९४७ कडे. ते रंगवणारे पेंटर अजून गल्लीत राहतात. त्यांना विचारता उत्तर अगदी सरळ मिळाले. नाव लिहून झाल्यावर खाली वीतभर जागा उरली, ती मोकळी वाईट दिसत होती, म्हणून त्यांनी ‘स्थापना’ लिहिले आणि कट्ट्यावर बसलेल्यांना वर्ष विचारले. कट्ट्यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले पंचेचाळीस, कोणी पन्नास. शेवटी एकाने सुचवले, की स्वातंत्र्याचे वर्ष लिहा, त्याला कोणी नाही म्हणणार नाही. पुढे स्पर्धांची पत्रके, ढालीवरची पट्टी आणि टी-शर्टची पाठ अशा प्रत्येक ठिकाणी हे वर्ष भिंतीवरून उतरवून घेतले गेले, आणि एवढ्या ठिकाणी आले म्हणजे खरेच असणार, असे नंतरच्यांना वाटले.

महायुद्धापूर्वीच्या चेंडूची गोष्ट मी खोटी म्हणत नाही. बेळगावला लष्करी छावणी होती, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आजही येथे आहे. १८५६ पासून कॅम्पात सेंट पॉल हायस्कूल आहे, आणि फुटबॉल या गावात छावणी व मिशनरी शाळा या दोन दारांनी आला यात शंका नाही. कॅम्पात पत्र्याच्या डब्यासारखा टाकून दिलेला चेंडू कोणी शहापुरात आणला असेल. पण चेंडू येणे आणि क्लब होणे यांत वर्गणीचे अंतर असते. ज्या दिवशी ब्लॅडरसाठी दहा घरांतून चार-चार आणे निघाले, त्या दिवसापासून मी क्लब मोजेन, शिक्का असो वा नसो. तो दिवस माघ वद्य पंचमीचा होता, आणि त्यावर शक नाही.

वर्षाच्या शोधातून जे अधिक महत्त्वाचे हाती आले ते क्लबच्या दिशेबद्दलचे आहे. १९५६ पर्यंत येथील संघ कागदोपत्री मुंबईकडे, म्हणजे १९११ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या प्रदेशात येत. नंतर म्हैसूरच्या संघटनेकडे गेले. म्हैसूर हा त्या काळी बलाढ्य संघ होता. १९४१ साली सुरू झालेली संतोष ट्रॉफी त्याने १९४६-४७, १९५२-५३, १९६७-६८ आणि १९६८-६९ अशी चारदा जिंकली. पण ते फुटबॉल मुख्यतः बेंगळुरूचे, तिथल्या कारखान्यांच्या आणि लष्करी संघांचे होते, आणि बेंगळुरू येथून सुमारे पाचशे किलोमीटरवर. वहीतील प्रवासखर्च वेगळेच सांगतो. कोल्हापूर, गडहिंग्लज, कोल्हापूर, मिरज, पुन्हा गडहिंग्लज. कोल्हापुरात पेठेची तालीम हाच फुटबॉल संघ असतो, आणि आमच्या व्यायामशाळेच्या थैलीतून ब्लॅडर आणणाऱ्यांना तो नमुना ओळखीचा वाटला असणार. गोव्याचे भाडे मात्र १९५५ नंतर काही वर्षे कुठेच दिसत नाही. नाकेबंदीमुळे पोर्तुगीज हद्द बंद होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर लोंढामार्गे मडगावचे भाडे वहीत पडू लागते. बेंगळुरूची नोंद दोन वह्यांत मिळून एकदा आहे, आणि तीही सामन्याची नाही, कागदपत्रे पोचवायला गेलेल्या माणसाच्या भत्त्याची.

एक नोंद मला चटका लावून गेली. एका वहीच्या शाबूत राहिलेल्या शेवटच्या पानावर संघाची मांडणी आहे, त्या काळच्या पद्धतीने दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. गोलीच्या नावापुढे ‘चंदगड’ लिहून ‘मोटारभाडे’ म्हटले आहे. पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला, पण त्यातून चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला आणि पुढे तो कोल्हापूर जिल्ह्यात गणला जाऊ लागला. एका सकाळी गोली परराज्यातला झाला. तो येत राहिला की नाही हे कळायला मार्ग नाही. पुढची पाने वाळवीने खाल्ली आहेत. आज हेच घडले तर ऑनलाइन नोंदणी आड येते: एका राज्यात नोंदलेल्या खेळाडूला दुसऱ्या राज्यातल्या संघाकडे जायचे तर रीतसर हस्तांतरण लागते. क्लबमधली दोन मुले दर हंगामात कोल्हापुरातून खेळावे की बेळगावातून, या प्रश्नावर घरच्यांशी भांडतात.

ओळखीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जमाखर्चाच्या दुसऱ्या वहीत गणपतीची वर्गणी, वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाचा खर्च आणि फुटबॉल हे एकाच खात्यात आहेत. ‘बांबू २४, दोर, लिंबू, सोडा, चेंडू शिलाई’ ही एकाच दिवसाची नोंद आहे. देखावा उभारणारी मुले तीच, चेंडू खेळणारी तीच. गल्ली म्हणजेच क्लब होता आणि ‘खेळाडू गल्लीत राहणारा असावा’ हा नियम लिहिण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. तो नियम लिहिला गेला तो मोडायची वेळ आली तेव्हा. जुनी घरे पाडून कुटुंबे अनगोळ, भाग्यनगर, हिंदवाडीकडे गेली, काही पुण्याला. मागावर काम करणारी घरे खासबाग-वडगावला सरकली. आज संघातल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक गल्लीबाहेरची आहेत आणि त्यांच्या घरी मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलली जाते. मैदानावर याचे जे मिश्रण होते ते ऐकण्यासारखे आहे. गोलसमोर चेंडू आला की मराठी घरातली पोरेही ‘होडी, होडी’ ओरडतात. परगावच्या मराठी माणसाला नावेचा भास होईल, पण कन्नडमध्ये त्याचा अर्थ ‘मार’ असा आहे. गोली मात्र कोणत्याही घरातला असो, ‘माझा’ असेच ओरडतो.

जर्सीच्या रंगावर बराच वेळ गेला, खरे तर गरजेपेक्षा जास्त. सीमाभागात रंग निष्पाप राहू शकत नाही: भगवा मराठी बाजूचा, लाल-पिवळा कन्नड बाजूचा. पहिली जर्सी भगवी होती असे काहींनी ठामपणे सांगितले, तर लाल-पिवळी होती असे सांगणारेही भेटले. ज्या काकांनी चिंधीची आठवण सांगितली, त्यांनी यावर हसून हात झटकला. शहापुरात साड्यांचे सूत रंगवणाऱ्यांच्या कढईत जो रंग उरेल त्यात पांढरे गंजीफ्रॉक बुडवायचे, म्हणून एक वर्ष विटकरी, एक वर्ष मोरपंखी, आणि एका वर्षी रंग कमी पडून पाच जण जांभळे व सहा जण पांढरे. छायाचित्र कृष्णधवल असल्याने हा वाद कागदावर मिटणार नव्हता. १ नोव्हेंबरला मात्र क्लब सरावच ठेवत नाही, कोणताही ठराव न करता. त्या दिवशी शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे बेळगाव तिकडे गेल्याच्या निषेधाचा काळा दिन, आणि संघातली मुले दोन्हीकडे असतात.

माझा अभिप्राय दीड पानाचा होता. गल्लीत फुटबॉल सार्वजनिक वर्गणीतून खेळला जात होता याचा पुरावा मार्च १९४८ पूर्वी छापलेल्या पावतीपुस्तकात आहे, पण नेमक्या वर्षाचा नाही. ‘क्लब’ या नावाने संस्था १९५० ते १९५६ या काळात निश्चित अस्तित्वात होती. नोंदणी त्यानंतर कित्येक वर्षांनी झाली. १९४७ हे वर्ष पेंटरच्या जागेचे आहे. स्मरणिकेत एकच वर्ष छापायचे असेल तर माझ्याकडून ते मिळणार नाही, असेही लिहिले. १९५० हवे असलेल्यांनी मग, ‘१९५० पासून निश्चित’ म्हणता येईल ना, असा मार्ग काढून पाहिला. शिक्का पावणेसात वर्षांत कधीही झालेला असू शकतो, त्याला ओढून पहिल्या दिवशी नेऊन बसवणे हे पुन्हा कट्ट्यावरचेच काम झाले असते. मी नाही म्हणालो, आणि त्यावर थोडी कटुता आली ती अजून पुरती गेलेली नाही.

स्पर्धा ठरल्याप्रमाणे भरवायची, तिला अमृतमहोत्सव न म्हणता गल्लीतल्या जुन्या खेळाडूंची स्पर्धा म्हणायचे, आणि स्मरणिकेत तिन्ही शिक्क्यांचे ठसे एका पानावर छापायचे, एवढे बैठकीत मंजूर झाले. मूळ कागद ट्रंकेतून काढून प्लास्टिकच्या पाकिटांत घालायचेही ठरले. ते काम एका मुलीने, म्हणजे संघाच्या नव्या गोलीच्या बहिणीने, दोन दिवसांत उरकले.

राहिला नवा शिक्का आणि नवी भिंत. शिक्का करणाऱ्याने कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतले नाव एका गोलात बसवून पाहिले, मग नोंदणी क्रमांक आणि पिनकोड घातला, आणि उरलेला मजकूर बसत नाही म्हणून काय काढू, असा निरोप पाठवला. वर्ष काढा, असे कळवण्यात आले. भिंतीवर कन्नड नाव मोठे आल्यामुळे खाली वीतभरही जागा उरली नाही.